वकीलबाई, तुम्ही खोडलेल्या त्या दोन ओळी

आदरणीय वकीलबाई,
सा. न. वि. वि.

निकालाची प्रत हातात पडली, तरी तुमचे धड आभार मानता आलेले नाहीत. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात बोलायला येते तर रडूच फुटतं, आणि तुम्ही "अहो, माझी पुढची मॅटर पुकारतायत" म्हणून निघून जाता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

तुमच्याआधीच्या वकीलसाहेबांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. फी रोख, पावती नाही, फोन उचलायचा नाही. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितलंय, हे मला तुमच्याकडून कळलं. साहेब नुसती पुढची तारीख सांगायचे.

तुम्ही मात्र वकीलपत्रावर सही घेण्याआधीच म्हणालात, "१९८७ च्या कायद्याने बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करून या, मग ठरवा." आलेलं अशील असं दुसरीकडे धाडणारं कोण असतं हो?

पण खरी गोष्ट त्या दोन ओळींची. जुन्या अर्जात साहेबांनी माझ्या नवऱ्याच्या चारित्र्यावर स्वतःच्या मनाचं काहीबाही घातलं होतं. त्याशिवाय केस उभी राहत नाही म्हणे! तुम्ही ओळीवर बोट ठेवून मला त्याचा मराठीत अर्थ सांगितलात. "असं घडलंय?" मी नाही म्हटलं. तुम्ही पेन्सिलीने दोन्ही ओळी खोडल्यात आणि म्हणालात, "उद्या तुमचा मुलगा ही फाइल वाचेल. बापाबद्दल जे खरं आहे, तेवढंच त्याला वाचू दे."

तोवर त्या फाइलीत मुलाचं फक्त वय होतं.

त्या ओळी गेल्या म्हणून पोटगी काही कमी झाली नाही. उलट समुपदेशकांसमोर मुलाच्या भेटीगाठींचं बोलणं आवाज न चढवता झालं. कोर्टात सरळ माणसाचा निभाव लागत नाही, असं मला कितीतरी जणांनी ऐकवलं होतं. तुम्ही तीस वर्षं तिथेच उभ्या आहात की! आणि उलटतपासणीत तुम्ही किती कडक होता, तेही मी पाहिलंय.

आईने कुळथाचं पीठ दळून ठेवलंय. ऑफिसात घेणार नाही म्हणाल, म्हणून रविवारी घरीच घेऊन येते.

तुमची,
एक अशील