एलीचा सूड नेमका कुणावर?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला व्हिडिओ गेममधल्या नायिकांवरचा लेख वाचला. ‘द लास्ट ऑफ अस’मधल्या एलीच्या वाट्याला त्यात दीड परिच्छेद आला आणि तेवढ्यात तीन विशेषणं: ‘सूडाने आंधळी’, ‘स्वार्थी’, ‘हातचा संसार लाथाडणारी’. लेखकाला एकट्याला काय बोलायचं? २०२० साली दुसरा भाग आला तेव्हापासून बरेच खेळाडू हेच म्हणत आलेत. पहिल्यांदा खेळले तेव्हा मीही म्हणाले होते. दुसऱ्यांदा खेळताना मात्र मत पार बदललं, म्हणून हे पत्र. (शेवट उघड करणार आहे. ज्यांचा गेम खेळायचा राहिलाय, त्यांनी पुढे वाचू नये.)

सुरुवात पहिल्या भागापासून करावी लागेल. २०१३ सालचा गेम, एली चौदा वर्षांची. बुरशीच्या संसर्गाने जग मोडलंय आणि चावा बसूनही या मुलीला काही होत नाही. तिच्यापासून लस बनेल या आशेवर जोएल नावाचा तस्कर तिला बॉस्टनहून निघून अर्धी अमेरिका पार करून नेतो. वाटेत एक गोष्ट खेळणाऱ्याच्या अंगवळणी पडते. उंच भिंत आली की जोएलने हातांची पायरी करायची, एलीने वर चढायचं आणि शिडी खाली द्यायची. मग हिवाळ्यात डेव्हिड नावाचा माणूस तिला पकडून ठेवतो. त्याच्या तावडीतून ती सुटते ती कोयत्याच्या जोरावर, आणि तो मेल्यावरही तिचा हात थांबत नाही. पुढचं प्रकरण वसंतातलं. जोएल नेहमीसारखा भिंतीपाशी जाऊन वाकतो आणि एली तिथे नसतेच. मागेच कुठेतरी हरवल्यासारखी बसून राहिलेली असते, हाक मारून बोलवावी लागते. तिचं काहीतरी बिनसलंय हे गेम इथेच सांगून टाकतो, संवादात एक शब्दही न घालता. आपण शिडी शोधण्याच्या गडबडीत असतो.

पुढचं थोडक्यात. लस काढायची तर एलीचा जीव जाणार हे कळल्यावर जोएल हॉस्पिटलात माणसं मारत सुटतो, तिला उचलून आणतो आणि तिच्याशी खोटं बोलतो. ते खोटं उघडं पडल्यावर एली त्याच्याशी संबंध तोडते. दुसऱ्या भागात अ‍ॅबी, म्हणजे त्या हॉस्पिटलात जोएलने मारलेल्या डॉक्टरची मुलगी, एलीच्या डोळ्यांदेखत गोल्फच्या काठीने जोएलचा जीव घेते. एली तिच्या मागे सिॲटलला जाते. इथवर सूडाचीच गोष्ट आहे, मान्य.

पण गेमच्या लेखकांनी एक प्रसंग आपल्यापासून अगदी शेवटपर्यंत दडवून ठेवलाय. खुनाच्या आदल्या रात्री एली जोएलच्या घरी गेली होती. व्हरांड्यात उभं राहून ती त्याला सांगते, की तुला कधी माफ करू शकेन असं मला वाटत नाही, पण प्रयत्न करायचाय. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी तो गेला. आपण एवढा लांबलचक गेम खेळतो तो हे ठाऊक नसताना, त्यामुळे बापासारख्या माणसाच्या खुनाचा बदला असा सरळ हिशोब मांडतो. एलीला मात्र ती रात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. अ‍ॅबीने जोएलला तर नेलंच, पण त्याला माफ करून बघायची नुकतीच ठरवलेली गोष्टही नेली. आणि अबोल्यात गेलेली वर्षं, ती कुणी नेली? ती एलीने स्वतःच घालवली होती. तिचा निम्मा राग तिथे जातो, असं मला वाटतं. घरातलं सांगायची ही जागा नव्हे, पण एका जवळच्या माणसाशी माझंही काही वर्षं बोलणं नव्हतं आणि शेवटी त्याच्या जाण्याचाच फोन आला. त्यानंतर आपण भलत्याच माणसांवर कसे खेकसतो, हे मला चांगलं माहीत आहे.

आता ‘हातचा संसार लाथाडला’ या आरोपाकडे येते. सिॲटलहून सूड न उगवताच परतल्यावर एलीकडे जोडीदार डिना, बाळ, मेंढ्या, शेतावरचं घर, सगळं असतं. मेंढ्या गोठ्यात घालताना काहीतरी धाडकन पडतं आणि त्या एका आवाजासरशी एली थेट जोएलच्या किंकाळ्यांपाशी जाऊन पोचते. भानावर येते तेव्हा तिला श्वास पुरत नसतो आणि डिनाने तिला धरलेलं असतं. पुन्हा अ‍ॅबीच्या मागावर निघताना ती डिनाला कारण सांगते ते झोप लागत नाही, अन्न जात नाही हे. हे सूडाचं बोलणं आहे की आजारी माणसाचं? अर्थात डिनाही चुकत नाही. मी परत या सगळ्यातून जाणार नाही असं ती बजावते आणि तो शब्द पाळते. दोघींपैकी एकीला खोटं ठरवल्याशिवाय हा प्रसंग वाचताच येत नाही का?

तिने केलेलं सगळं मी पोटात घालतेय असं मुळीच नाही. अ‍ॅबीचा पत्ता काढण्यासाठी तिच्या मैत्रिणीला, नोराला, पाइपने मारतानाचं बटण आपल्यालाच दाबावं लागतं आणि ते मला आजही नको वाटतं. पण त्यानंतर एली परत येते तेव्हा तिचे हात थरथरत असतात, तेही बघा की. जोएलने हॉस्पिटलभर प्रेतं पाडली, त्याला आपण ‘शेवटी बाप तो’ म्हणून डोळे पुसत माफ करून टाकलं. मुलीच्या वेळी तराजू बदलला.

एली शेवटी अ‍ॅबीला गाठते त्या सांता बार्बराच्या किनाऱ्यावर तर उलटाच प्रकार आहे. अ‍ॅबी दुसऱ्याच लोकांनी खांबाला बांधलेली, वाळून काडी झालेली. निव्वळ बदला हवा असता तर एलीला चाकूही काढायची गरज नव्हती, तशीच सोडून गेली असती तरी चाललं असतं. ती चाकू काढते तो दोर कापायला. दोघी चालत होड्यांपाशी येतात, एली पाठीवरची बॅग होडीत ठेवतेसुद्धा. मग हाताला लागलेलं रक्त दिसतं, जोएलचा चेहरा समोर येतो आणि पुन्हा सगळं फिरतं. त्या झटापटीत मी मध्येच बटण दाबायचं थांबवून नुसती बसून राहिले होते. दाबल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. शेवटी अ‍ॅबीचं डोकं पाण्याखाली असताना एलीला जोएल आठवतो तो व्हरांड्यात गिटार घेऊन बसलेला, आणि ती हात सोडते. ‘इतकं करून मारलं नाहीच, मग गेली कशाला?’ असं लेखात विचारलंय. त्याचं उत्तर मला तरी त्या व्हरांड्यात मिळालं.

जाता जाता एक. गेम आला तेव्हा अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. कागदावरच्या खुनाचा सूड खऱ्याखुऱ्या बाईवर! असल्या धमक्या देणाऱ्यांपेक्षा एली बरी म्हणायची.

आपली,
एक वाचक

ता. क. एलीने शेवटी तीन बोटं गमावली असं लेखात छापलंय. ती दोन आहेत, डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका. गिटारवर हा फरक मोठा असतो. शेवटच्या दृश्यात ती जोएलने शिकवलेलं वाजवून बघते, ते बेसूर लागतं, पण काय वाजवतेय ते ओळखू येतं.