तुझी बाटली संपत आली आहे

प्रिय शहाण्या,

आठ महिने झाले. मोजले मी. तू चिडला असशील असं आधी वाटायचं, मग वाटायला लागलं की चिडायचंही सोडून दिलं असशील, आणि ते जास्त वाईट. तब्येत ठीक. गुडघ्याचं तेच ते, गोळ्या चालू आहेत, सोड.

मुद्द्याचं सांगतो, शाईची बाटली संपत आली. आपली निळी-काळी. आपली म्हणजे तुझी, तू जाताना खिडकीत ठेवून गेलास ती. त्या दिवशी तू काय म्हणाला होतास ते मला शब्दन् शब्द आठवतंय, की वापर, पण संपायला आली की आधी कळवायचं आणि मला न विचारता शेवटचं भरायचं नाही. लंब्या साक्षीदार होता, तो हसत होता आणि आपण दोघं भयंकर सिरियस होतो. म्हणून हे पत्र. आता तू म्हणशील विचारलंस कुठे, याच शाईनं तर लिहितोयस. पण विचारायला पत्र लिहावं लागणार आणि पत्र लिहायला पेन भरावं लागणार, मग मी काय करायचं सांग? फोन करता आला असता, मान्य, पण फोनवर आपण तीन मिनिटं गुडघे आणि पाऊस बोलतो आणि ठेवतो, तुलाही माहितेय.

झालं असं की रविवारी रात्री सगळे झोपल्यावर मनाशी पक्कं केलं की आज लिहायचंच. पेन काढलं तर खडखडीत. मागच्या भरणीचं सुकून निबवर नुसता काळा पापुद्रा. धुतलं, कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवलं, कन्व्हर्टर, म्हणजे पेनातली शाई ओढणारी पिस्टनची नळी, काढून वेगळा धुतला, पाणी स्वच्छ यायला लागल्यावर निब खाली करून टिश्यूवर उभं केलं. मग बाटली उघडली, निब बुडवली, पिस्टन फिरवला, आणि गुर्र गुर्र आवाज. नुसती हवा. वर पाहिलं तर कन्व्हर्टरमध्ये पाव इंचसुद्धा शाई नाही, बाकी सगळे बुडबुडे. निब जेमतेम टोकापर्यंत भिजत होती. तुला सांगायला नको, निबचं ते मधलं भोक आणि वर निबखालची जीभ पेनात जिथे घुसते तिथपर्यंत सगळं बुडालं नाही तर पेन शाईऐवजी हवाच ओढतं.

मग बाटली तिरकी केली, एका कोपऱ्यात शाई गोळा होईल अशी. डाव्या हातात बाटली, उजव्या हातात पेन, पिस्टन फिरवायला तिसरा हात कुठून आणणार? बाटली पुस्तकाला टेकवली, पुस्तक सरकलं, बाटली घरंगळली. पकडली मी, खरंच लगेच पकडली, पण तरी सांडली. सात-आठ थेंब असतील. टेबलावर पसरले आणि मी तिथेच बसून राहिलो. टीपकागद घ्यायचंही सुचलं नाही. घरात कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते दुसरी आण, निळी-काळी काय कमी मिळते? आणि ते बरोबरच आहे. म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतोय. रडू आलं रे मला.

आता खरी गोष्ट ऐक, जी मला तीन दिवस कुरतडतेय.

तुला आठवतं मी लेबलवर पेन्सिलीनं रेघा मारायचो? प्रत्येक वेळी भरलं की शाई कुठवर आली त्याची रेघ, आणि तू मला कंजूष म्हणायचास. ती सवय अजून आहे. शेवटच्या रेघेला बाटलीत अंदाजे 9 मिली होती. त्यानंतर मी फक्त तीनदा भरलं. आपल्या कन्व्हर्टरमध्ये मावते पाऊण मिलीच्या आसपास, म्हणजे गेली सव्वादोन. उरायला पाहिजे होती पावणेसात. पट्टी लावून बघितलं तर तळाला अडीच मिलिमीटर. तळाचा व्यास आतून चार सेंटीमीटर धर, म्हणजे होते जेमतेम 3 मिली, सांडलेले थेंब धरले तरी साडेतीनच्या वर जात नाही. बाकीची कुठे गेली?

झाकणाच्या आतली चकती तडकलीय. नखानं उचकटून बघितली, दोन तुकडे होऊन हातात आली. तीन मिलीच्या वर शाई हवेत उडाली लेका. मी समजत होतो की मी लिहीत नाहीये म्हणजे निदान तुझी शाई वाचवतोय. आठ महिने स्वतःला हेच सांगत होतो, खरंच, की घाईघाईत काहीतरी खरडून शाई वाया घालवण्यापेक्षा एकदा निवांत बसून लिहू. आणि ती झाकणातून निघून चालली होती, मी लिहो न लिहो.

मग टॉर्च लावून आत बघितलं तर तळाशी काहीतरी तरंगत होतं. माझा श्वासच अडकला. बुरशी लागली असेल तर संपलंच सगळं, बाटली फेकायची आणि पेनही उकलून धुवायचं. वास घेतला, नेहमीचाच, आंबूस-कुबट नाही. काडीनं ते तरंगणारं बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं, तर झाकणाच्या आट्यांमध्ये वाळलेल्या शाईची खपली. काळी, कडक, चुरा होणारी. बुरशी पांढुरकी असते, तंतू तंतू असतात, बुळबुळीत असते, ही तशी नव्हती. तेव्हा कुठे जीवात जीव आला. पण खाली गाळ आहे, तो आहेच. या शाईचं तसंच असतं, लोखंडाचा क्षार आणि मायफळातलं टॅनिन, आम्लामुळे ते विरघळलेलं राहतं, आणि बाटलीत हवा जितकी जास्त तितका गाळ जास्त बसतो. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा, मला हे आधी का सुचलं नाही. छोट्या बाटलीत काढून ठेवली असती तर?

आता तो वाद. हलवायची की नाही हलवायची. दोन वर्षं आपण एका खोलीत राहिलो आणि दर वेळी तू बाटली खळखळ हलवून मग उघडायचास, आणि मी ओरडायचो. त्याबाबतीत मी एक इंच मागे हटणार नाही. रंगाचे बारीक कण असलेली शाई असते ती हलवावी, तिथे कण खाली बसलेले असतात आणि ते परत मिसळायला हवेत. हिच्यात खाली बसलेलं हे मेलेलं आहे, ते हलवून परत शाई होत नाही, फक्त जिभेच्या फटींत जाऊन बसतं. तुझी स्टीलची निब खराब झाली ती मी उसनी घेतली म्हणून नाही, आम्ल होतं म्हणून आणि तू महिनोन्महिने धुवायचा नाहीस म्हणून. माझी टिकली कारण तिच्यावर 585 लिहिलंय, 14 कॅरेट सोनं. एवढंच कारण. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, तू दार आपटून गेलास.

पण पाण्याच्या बाबतीत तुझं बरोबर होतं. हे वाच परत, मी लिहितोय, तुझं बरोबर होतं. तू म्हणायचास शाई दाट झाली की दोन थेंब पाणी घाल, आणि मी म्हणायचो भेसळ. आता हिशोब करून बघितला तर उडालं ते पाणीच, बाकी सगळं बाटलीतच राहिलं, म्हणजे जे गेलं तेवढंच परत द्यायचं आहे. मी घाबरत घाबरत करून बघितलं. नळाचं नाही, त्यात क्षार असतात, डिस्टिल्ड आणलं. बशीत एक थेंब शाई, एक थेंब पाणी, आणि जुन्या टाकानं ओळ ओढली. शेजारी नुसत्या शाईची ओळ. नुसती अडखळत होती, काठाला जाड, चिकट. पाणी घातलेली सुरेख सरकली. पूर्ण तीन मिली परत घालायची मात्र हिंमत झाली नाही, पाण्यानं आम्लही पातळ होतं, मग गाळ अजून लवकर बसेल. एकच मिली घातलं.

ती भरायची कशी हा मोठाच प्रश्न होता. पूर्वी बाटल्या करणारे लोक किती विचार करायचे बघ, शेफर कंपनीच्या स्क्रिप शाईच्या बाटलीत तोंडाशी आतल्या बाजूला एक छोटी वाटी असायची, झाकण लावून बाटली कलती केली की वाटी भरायची, मग तळाला थोडीशी राहिली तरी निब नीट बुडायची. आणि 1952 मध्ये त्यांनीच ते स्नॉर्केल पेन काढलं, निबच्या खालून एक बारीक नळी बाहेर यायची, फक्त ती बुडवायची, निबला शाई लागायचीच नाही. दाढीवाल्या सरांकडे होतं ना एक? आपल्याला हात लावू दिला नव्हता. मला आता कळतंय का नाही दिला.

माझ्याकडे ना वाटी ना नळी. मग मुलीच्या प्रयोगाच्या पेटीतली काचेची टेस्ट ट्यूब मागून घेतली. आतून एक सेंटीमीटर रुंद. दोन दिवस बाटली हलवली नाही, गाळ बसू दिला, मग बोथट सुईच्या सिरिंजनं वरची वरची शाई हळूहळू ओढली. तळाला गाळाची पातळ साय राहिली ती तशीच सोडली, जीव तुटला पण सोडली. हातात आली सव्वातीन मिली. आणि बघ गंमत, बाटलीत जी अडीच मिलिमीटर होती तीच ट्यूबमध्ये पाण्यासकट चार सेंटीमीटरच्या वर उभी राहिली! शाई तीच रे, नुसती उभी केली. निब अख्खी बुडाली, भोकासकट. पिस्टन वर, दहापर्यंत आकडे, एकही बुडबुडा नाही. मग नेहमीसारखे दोन थेंब परत सोडले, निब वर करून थोडी हवा ओढून घेतली म्हणजे जिभेतली जास्तीची शाई मागे जाते, आणि पुसलं. सिरिंजनं थेट कन्व्हर्टरमध्येच भरता आलं असतं, ते सोपं होतं, पण मला एकदा तरी ही नीट बुडवून भरायची होती.

पहिली ओळ लिहिली ती तुझं नाव. आत्ता निळी दिसतेय. तुझ्या हातात पडेपर्यंत काळपट झालेली असेल, हवा लागली की लोखंड काळं पडतं आणि कागदात बसतं, मग पाण्यानं जात नाही. ते छत गळलं होतं तेव्हा लंब्याच्या वह्या नुसतं आकाश झाल्या होत्या आणि तुझ्यामाझ्या जशाच्या तशा, आठवतं? लंब्या किती शिव्या देत होता. तो भेटला होता मार्चमध्ये. बारीक झालाय खूप. तुझी चौकशी केली, मी खोटंच सांगितलं की पत्र असतं अधूनमधून.

तुझं नवीन ऑफिस कसं आहे? बढतीचं कळलं वहिनींकडून, अभिनंदन, तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं पण मी कुठल्या तोंडानं बोलू. धाकटीचा निकाल लागला असेल. आईंचं मोतीबिंदूचं झालं ना? सगळं लिही.

आता निकाल. मी शेवटचं भरलेलं नाही. सव्वातीनचे सरळ दोन भाग केले, सिरिंजवर आकडे बघून, थेंबाचा फरक असेल तर तो तुझ्या बाजूला आहे. माझे माझ्याकडे, दोन भरण्या आणि थोडीशी, त्यातली एक या पत्रात चाललीय. तुझे सोबतच्या कुपीत आहेत. कुपी मुद्दाम छोटी घेतली आणि काठोकाठ भरली, आत हवा कमी राहावी म्हणून, झाकणावरून टेप गुंडाळलाय, वर प्लॅस्टिकची पिशवी, मग कापूस. रिकामी बाटली लेबलासकट माझ्याकडेच आहे, ती मी धुतलेली नाही. तुला हवी असेल तर सांग. नको म्हणालास तर बरं, पण मागितलीस तर देईन.

तुझ्या अर्ध्यातून निदान अर्धं पान मला यावं एवढीच मागणी आहे. स्टीलच्या निबनं लिहिणार असशील तर भरलेलं पेन तसंच पडू देऊ नकोस, आठवड्याला धू. झाकण उघडताना खाली टिश्यू धर. आणि कुपी पोचली की दोन दिवस उभी ठेव, प्रवासात थोडा गाळ उठलाच असेल तो बसू दे, मग वरची घे.

हलवू नकोस. पाया पडतो.

तुझाच,
कंजूष