पहिले तीन प्रश्न कुणाचे?

मा. महासंचालक,
माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय / महोदया,

2027 चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. नाशिकमध्ये साधुग्राम, रामकुंड, त्र्यंबकच्या रस्त्यांच्या बैठका सुरू आहेत. वार्तांकनाची व्यवस्था ठरण्याआधी मला आपल्यापुढे अमेरिकन टीव्ही पत्रकार बार्बरा वॉल्टर्स यांची गोष्ट ठेवायची आहे.

बॉस्टनमध्ये 1929 साली जन्मलेल्या वॉल्टर्स 1961 मध्ये अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘टुडे’ या सकाळच्या कार्यक्रमात लेखनाच्या कामाला लागल्या. 1962 मध्ये जॅकलिन केनेडी भारतात आल्या, तेव्हा सोबतच्या वार्ताहरांत त्या होत्या. पुढे फ्रँक मॅकगी या कार्यक्रमाचे मुख्य निवेदक झाले आणि त्यांनी अट घातली, की स्टुडिओत मोठा पाहुणा आला तर पहिले तीन प्रश्न माझे, वॉल्टर्सनी चौथ्यापासून विचारायचं. वाहिनीने ती मान्यही केली! मग वॉल्टर्स कॅमेरा घेऊन स्टुडिओबाहेर मुलाखती घेऊ लागल्या, कारण तिथे ही अट लागू नव्हती. 1974 मध्ये मॅकगी वारल्यावर त्यांना सहनिवेदकाचं पद मिळालं. 1976 मध्ये एबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीने वर्षाला दहा लाख डॉलर देऊन त्यांना नेलं. राष्ट्रीय वाहिनीच्या संध्याकाळच्या बातमीपत्रात बसलेल्या त्या पहिल्या महिला सहनिवेदक. शेजारच्या खुर्चीतल्या हॅरी रीझनर यांची नाराजी प्रेक्षकांनाही दिसायची. तरी पुढच्याच वर्षी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांची एकत्र मुलाखत त्यांनीच घेतली.

वॉल्टर्स यांच्या जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, ते योग्यच आहे. मला जास्त टोचतात ते त्या अटीला मान डोलावणारे अधिकारी. एका बाईने वाट काढली म्हणून त्यांचा निर्णय बरोबर ठरत नाही.

मी नाशिकमध्ये वृत्तवाहिनीसाठी स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे पगारावर नाही तर बातमीमागे मानधनावर, काम करते. मध्यंतरी एका पत्रकार परिषदेत टेबलावर वाहिन्यांच्या बूम माइकची गर्दी होती. साहेब पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांना नावानिशी ‘हां, विचारा’ म्हणत होते. बऱ्याच वेळाने माझ्या हाताकडे लक्ष गेलं. ‘ताई, महिलांच्या सोयींबद्दल असेल ना? त्याचं प्रेसनोटमध्ये आहे सगळं.’ मला गोदावरीत मिसळणाऱ्या सांडपाण्याबद्दल विचारायचं होतं. तेवढ्यात चहा आला आणि परिषद संपली. महिलांच्या सोयींचा प्रश्नही काही कमी महत्त्वाचा नाही, पण तो फक्त आम्हीच का विचारायचा?

सिंहस्थातल्या प्रत्येक सरकारी पत्रकार परिषदेत दाराशी नावनोंदणीची वही ठेवा आणि त्याच क्रमाने प्रश्न घ्या. कुणाला नाव घेऊन बोलवायची गरजच उरणार नाही. प्रवेशपास देताना फक्त अधिस्वीकृतीधारकांचा, म्हणजे सरकारमान्य पत्रकारांचा, विचार झाला, तर माझ्यासारख्या तुकड्यावर काम करणाऱ्या बऱ्याच मुली बाहेर राहतील. वाहिनीच्या संपादकाचं पत्र ग्राह्य धरा. रामकुंडाजवळ कॅमेऱ्यांसाठी मंच बांधाल, त्याला लागून महिलांचं स्वच्छतागृह हवं. पर्वणीच्या गर्दीत एकदा जागा सोडली की परत मिळत नाही, म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

यातल्या वहीला तर निधीही लागत नाही. पुढच्या पत्रकार परिषदेपासून ती सुरू करावी आणि तसं परिपत्रक नाशिकच्या जिल्हा माहिती कार्यालयाला पाठवावं, ही विनंती.

आपली,
नाशिकची एक टीव्ही पत्रकार