मुक्त सॉफ्टवेअर, पण आमची प्रत कुठे?

माननीय संपादक,
स. न.

वागळे इस्टेट, तुर्भे आणि महापे येथील लघुउद्योजकांकडे मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेली) ईआरपी, म्हणजे हिशेब, साठा आणि विक्री एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली, बसवून देणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी हल्ली वरचेवर येतात आणि ‘परवाना शुल्क शून्य’ हे त्यांचे पहिले वाक्य असते. ते खोटे नाही. मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खरोखरच विनामूल्य मिळते. ओडू या दुसऱ्या ईआरपीची मात्र कम्युनिटी आवृत्ती तेवढी मुक्त असून एंटरप्राइज आवृत्तीला वापरकर्त्यागणिक शुल्क पडते, हे प्रतिनिधी विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आमच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ईआरपीनेक्स्ट दोन वर्षे उत्तम चालली. प्लेटिंगसाठी (धातूचा मुलामा देण्यासाठी) बाहेर जाणाऱ्या मालाच्या चलनांसाठी, म्हणजे मालासोबतच्या पावत्यांसाठी, प्रणाली बसवणाऱ्या पुरवठादाराने तीत बदल करून दिले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. पुढे देखभालीचा दर परवडेना म्हणून दुसरा पुरवठादार नेमला, तेव्हा पहिल्याने बदललेला कोड देण्यास साफ नकार दिला. ज्याला प्रणालीची प्रत दिली जाते त्याला तिचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, मागण्याचा हक्क जीपीएल देतो. पण आमच्या हाती प्रत कधी आलीच नव्हती, ती त्यांच्या सर्व्हरवर होती आणि आम्ही ब्राउझरमधून तिचा केवळ वापर करीत होतो. ही फट बुजवणारा एजीपीएल परवाना वेगळा आहे, आणि तो ईआरपीनेक्स्टला लागू नाही. (हे आम्हाला वकिलाची फी भरल्यावर कळले.)

हाती आल्या त्या ग्राहकांच्या आणि शिल्लक साठ्याच्या एक्सेल फाइली. कोणत्या चलनाचा माल कधी परत आला, ही साखळी त्यांत नव्हती. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेण्यासाठी, पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत न आल्यास जीएसटी कायदा तो पाठवल्या दिवशीच पुरवला असे मानतो, त्यामुळे आमच्या हिशेबनिसांनी सात महिन्यांची कागदी चलने पुन्हा जुळवली.

मुक्तस्रोताला माझा विरोध नाही. आजही आम्ही तीच प्रणाली वापरतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योजक संघटनांनी सभासदांसाठी एक नमुना करार तयार करावा, एवढीच विनंती आहे. सर्व्हरचे खाते ग्राहकाच्या नावावर असावे, केलेल्या प्रत्येक बदलाचा कोड ग्राहकाला मिळावा आणि संपूर्ण डेटाबेसची प्रत दरमहा हाती पडावी, या तीन अटी त्यात असाव्यात. आमच्या नव्या पुरवठादाराने त्या काहीही खळखळ न करता मान्य केल्या.

आपला,
एक लघुउद्योजक, वागळे इस्टेट, ठाणे