इराच्या तपासणीविषयी

चि. सौ. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या इराची जनुकीय तपासणी करून घ्यावी का, असे तू काल फोनवर विचारलेस. तुझ्या भावाच्या, अद्वैतच्या आजारपणाचे कागद पुन्हा वाचल्याशिवाय मला उत्तर द्यायचे नव्हते. ते रात्री काढून वाचले.

अद्वैत सात वर्षांचा असताना त्याचे डोळे पिवळसर दिसू लागले, म्हणून पहिल्या दवाखान्यात कावीळ समजून चार दिवस उपचार झाले. लघवी गडद आणि कमी होत होती, चेहरा सुजला होता, आणि हे सगळे दिसत असूनही मी ते त्या कावीळीतच मोजले. पुढे मोठ्या रुग्णालयात प्लेटलेट कमी आणि किडनीचे काम मंदावल्याचे सांगणारे क्रिएटिनिन वाढलेले आढळले, तेव्हा एचयूएस, म्हणजे रक्तपेशी फुटून किडनीला इजा होणारा आजार, हे नाव कळले. शरीराच्या संरक्षणाची कॉम्प्लिमेंट ही यंत्रणा आपल्याच पेशींवर उलटू नये म्हणून 'फॅक्टर एच' नावाचे प्रथिन तिला आवरून धरते. अद्वैतच्या शरीराने त्या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार केली होती. भारतातील मुलांमध्ये अतिसाराच्या जंतूंमुळे न होणाऱ्या एचयूएसच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत ही प्रतिपिंडे सापडतात, युरोपात हे प्रमाण बरेच कमी आहे. प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातील द्रवभाग काढून बदलणे) आणि स्टिरॉइडने त्याची किडनी वाचली.

एमएलपीए या, जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या तपासणीत त्याच्या पहिल्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रतींवर सीएफएचआर-१ हे फॅक्टर एचच्या कुळातले जनुक नसल्याचे दिसले. तुझ्या आईच्या आणि माझ्या एकेका प्रतीवर ते नाही, म्हणून तुझ्याजवळही दोन्ही प्रतींवर ते नसण्याची शक्यता चारांत एक आहे. अशा प्रतिपिंडांच्या रुग्णांपैकी बहुतेकांत ही उणीव आढळते, हे खरे. पण ती असलेली अनेक माणसे आयुष्यभर निरोगी राहतात, आणि ती असली तर म्हातारपणी दृष्टिपटल झिजण्याचा धोका कमी होतो, असे २००६ साली, तर आयजीए नेफ्रोपॅथी या किडनीच्या आजाराचा धोका कमी होतो, असे २०११ साली संशोधकांना आढळले. एकाच उणिवेचे हे दोन चेहरे मला अजूनही थक्क करतात.

म्हणून माझे मत असे की, इरा बरी असताना ही तपासणी करू नये. अहवाल काहीही आला तरी त्यावरून आज द्यायचे औषध नाही, आणि पाच वर्षांच्या मुलीच्या नावापुढे एक भीती मात्र कायमची लागेल. तुला स्वतःची करून घ्यायची असेल तर अवश्य कर, परंतु आधी जनुकीय समुपदेशकाशी बोल.

इरा कधी फिकट पडली, सुजली किंवा तिची लघवी कमी अथवा गडद झाली, तर मात्र त्याच दिवशी रक्ताची व लघवीची तपासणी आणि रक्तदाब करून घे, आणि मामाला काय झाले होते ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग. अद्वैतच्या अहवालांच्या प्रती सोबत पाठवत आहे. त्या इराच्या फाइलमध्ये ठेव.

तुझे,
बाबा