पोडियम गळतो तेव्हा शिव्या माळ्याला का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या पेपरात एका सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं होतं, की पोडियमवरची बाग काढून तिथे सरळ पेव्हर ब्लॉक घालायचं ठरलंय, कारण खाली पार्किंगमधे गाड्यांवर पाणी टपकतं, आणि शेवटी एक वाक्य होतं की ही सगळी बागवाल्यांची नाटकं आहेत. तर मी बागवाली आहे. सतरा वर्षं पुणे, मुळशी, भोर आणि अधूनमधून अलिबागकडे लोकांच्या बागा डिझाइन करतेय. पत्र वाचून राग आला, पण जास्त वाईट याचं वाटलं की हे खरं कुठे बिघडतं ते कोणी लिहीतच नाही, म्हणून हा खटाटोप.

बाग गळत नाही हो. थांबलेलं पाणी गळतं. पोडियम म्हंजे शेवटी पार्किंगचा स्लॅब, त्याला ढाळ पाहिजे, म्हंजे साधारण शंभर फुटाला एक फूट तरी उतार, पाणी वाहून आउटलेटला गेलं पाहिजे. मग वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यांना सिमेंटचे गोल वाटे, म्हंजे भिंत आणि स्लॅबच्या सांध्यातली गोलाई, मग पाणी भरून ठेवायचं दोन-तीन दिवस आणि खालून स्लॅब बघायचा, मग त्या थरावर संरक्षणाचा कोबा, मग खालून पाणी वाहून जायला प्लॅस्टिकचा जाळीदार ड्रेन सेल, त्यावर माती अडवणारं जिओ फॅब्रिकचं कापड, आणि मग माती. हे सगळं कागदावर सगळ्यांना माहितीये. साइटवर काय होतं तर वॉटरप्रूफिंगवाला काम करून स्टँप पेपरवर दहा वर्षांची गॅरंटी देऊन निघून जातो, मग प्लंबरला आठवतं की स्प्रिंकलरची लाइन राहिली, तो दोन ठिकाणी फोडतो आणि सिमेंटने बुजवतो, मग इलेक्ट्रिशियन लाइटच्या खांबासाठी अँकर बोल्ट मारतो, आणि शेवटी आमचे लोक माती घेऊन येतात त्यातला एखादा नवखा पोरगा खड्डा म्हणून पहार मारतो ती थेट स्लॅबला. दोन पावसाळ्यांनी पाणी टपकलं की वर दिसतं काय, तर झाडं. मग झाडांनीच केलं असणार. रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असं आहे, पण तोवर बागेत कोणी ना कोणी काहीतरी लावलेलं उपटलेलं असतं, आणि बोट कोणाकडेही दाखवता येतं.

आता मूळ मुद्दा, आणि यात आमच्या लोकांचीही चूक आहे. आम्ही डिझायनर येतो शेवटी. घर बांधून झालं, बजेट संपलं, "गार्डनचं नंतर बघू" म्हणत म्हणत पझेशनच्या महिनाभर आधी फोन येतो. आणि आम्हीही लॅपटॉपवर थ्रीडी व्ह्यू दाखवतो, पाम, लॉन, संध्याकाळचे पिवळे लाइट, क्लायंट खूश. त्या व्ह्यूमधे स्लॅब कुठे आहे, कॉलम कुठे आहे, पाणी कुठून जाणार, काही नसतं. ते ज्याला माहिती असतं तो मिस्त्री तेव्हा तिथेच बाजूला तंबाखू मळत उभा असतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

मीही नाही विचारायचे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट आहे, एका बंगल्याच्या गच्चीवर बाग करायची होती, मी मस्त मधोमध चार बाय चारचा ओटा काढला, तीन फूट खोल, त्यात बकुळ. बंगल्याचं काम केलेला कॉन्ट्रॅक्टर, लातूरकडचा माणूस, शिक्षण फार नाही पण तीस वर्षं स्लॅब टाकलेला, त्याने ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाला, मॅडम, ओल्या मातीचं एक घनफूट किती भरतं? मी म्हटलं पन्नास किलोच्या आसपास. म्हणाला, म्हंजे सिमेंटची एक गोणी. चार चोक सोळा, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, तुम्ही माझ्या स्लॅबच्या मधोमध ४८ गोण्या रचताय आणि त्या कायमच्या राहणार, वर झाड वाढणार ते वेगळं. मी गप्प.

नंतर घरी येऊन आयएस ८७५, म्हंजे इमारतीवर किती वजन धरायचं ते सांगणारं भारतीय मानक, त्याचा दुसरा भाग उघडून बसले. माणसं जातात अशा गच्चीला लाइव्ह लोड, म्हंजे माणसं-सामानाचं येणारं-जाणारं वजन, धरतात चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास, राहत्या खोलीला २००. आणि नुसती एक फूट ओली माती पसरली तरी चौरस मीटरला पाचशेच्या वर जाते. म्हंजे लोक हौसेने गच्चीवर लॉन करतात तेव्हा ते काय करतात हे त्यांनाच माहिती नसतं. त्या कॉन्ट्रॅक्टरने फक्त नाही म्हटलं नाही, उपाय दिला. ओटा उचलून कॉलमच्या डोक्यावर घ्या, जिथे चार बीम येऊन मिळतात तिथे, माती कमी करा, कोकोपीट-परलाइटसारखं हलकं मिश्रण वाढवा, आणि मी पण म्हणतोय म्हणून करू नका, आरसीसीवाल्या साहेबांकडून, म्हंजे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून, लिहून घ्या. लिहून घेतलं. बकुळीच्या जागी शेवटी कुंती आली, ती हलकी, आणि वासाला काही कमी नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर झाडांच्या आधी कॉलम दाखवलेले असतात, आणि वजनाचा हिशोब मी अजूनही गोण्यांतच सांगते, क्लायंटला पण पटकन कळतो.

दुसरी फजिती जास्त लाजेची आहे. एका साइटवर कंपाउंडच्या कडेने एक्झोराची रांग लावली, शंभरेक रोपं, लाल फुलांची. महिन्या-दोन महिन्यांत मधलीच वीसेक रोपं पिवळी पडायला लागली, पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हंजे लोह मिळत नाहीये. मी फेरस सल्फेट दिलं, चिलेटेड आयर्नचा फवारा मारला, शेणखत घातलं, नर्सरीवाल्याशी भांडले. काही नाही. एक दिवस तिथला मुकादम सहज म्हणाला, तिथे काय येणार मॅडम, तिथे आम्ही वर्षभर मिक्सर धुवायचो.

बास. सिमेंटचं पाणी वर्षभर मुरलेली माती, एकदम अल्कलाइन, आणि एक्झोराला पाहिजे आंबट माती. दीड फूट माती काढून फेकली, खाली अक्षरशः पांढरा थर होता खरवडसारखा, नवी लाल माती आणि पोयटा भरला, मग रोपं रुळली. खर्च माझ्या खिशातून गेला कारण क्लायंटला काय सांगणार. हा माणूस तिथे पहिल्या दिवसापासून होता, मी एक प्रश्न विचारला असता की इथे आधी काय चालायचं, तर सगळं वाचलं असतं. आता मी कुठल्याही साइटवर गेले की पहिले तिथल्या मुकादमालाच गाठते, चहा सांगते, आणि विचारते की मिक्सर कुठे धुवायचात, खडी कुठे पडायची, रोलर कुठून फिरला, राडारोडा कुठे पुरलाय. पुरलेला असतोच. शेवटचा प्रश्न विचारला की हसतात सगळे, पण जागा दाखवतात.

वर्षभर डंपर फिरून माती अशी दबते की पहारसुद्धा टणकन वाजते, तिथे खड्डा करून झाड लावलं तर ते झाड कुंडीत लावल्यासारखंच, पावसात खड्डा भरून राहतो आणि मुळं कुजतात. पण साइट सुरू व्हायच्या आधी कोणी आम्हाला बोलावलं तर आम्ही एवढंच सांगू की या पट्ट्यात गाडी घालू नका, वरची फूटभर चांगली माती काढून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवा, आणि ते जुनं झाड ठेवायचंय ना, मग त्याच्या बुंध्याला चिकटून कोबा करू नका. याला पैसे लागत नाहीत. दिल्लीत तर राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ साली आदेश काढावा लागला होता की झाडाभोवतीचं एक मीटरचं काँक्रीट काढा. आपल्याकडे अजून छान गोल कट्टा बांधून, टाइल लावून झाड मारतात आणि वर गेरू-चुना फासतात.

आता मामांबद्दल. मामा म्हंजे माझ्याबरोबर बारा-तेरा वर्षं दगडाचं काम करणारे वडार समाजातले मिस्त्री, वय साठीच्या पुढे, बोलतात कमी. मुळशीकडे एका उताराच्या प्लॉटवर मी माती अडवायला चार फुटी काँक्रीटची रिटेनिंग वॉल काढली होती, समोरून दगडाचं क्लॅडिंग, खूप मॉडर्न वगैरे. मामा पावसाळ्यात एकदा तिथे नुसते बसून आले. मग मला म्हणाले, ताई, पाणी इथून नाही येत, तिथून येतं, झाडाच्या मागून, आणि ते तुमच्या भिंतीच्या मागं येऊन बसणार. मग? मग म्हणाले ताल घालू. ताल, आपल्या शेतांच्या बांधाला असते ती, सिमेंट नाही काही नाही, नुसता दगडावर दगड, भिंत वर जाताना मागे मातीवर रेललेली, मधे मधे लांब दगड आत खोल शिरवलेला आणि मागे खडीचा थर. पाणी आलं की फटीतून निघून जातं, दाब धरतच नाही. मी त्यांना विचारलं इंजिनियर मानेल का, तर म्हणाले त्यांना आमच्या गावच्या ताली बघायला न्या, आज्याच्या हातच्या आहेत. इंजिनियरने मानलं, पाया थोडा रुंद करायला सांगितला, तो मामांनाही पटला.

त्या कामात मी सकाळी जाऊन नुसती बघत बसायचे. मामा दगड उचलतात, फिरवतात, एकदा फिरवतात, दोनदा फिरवतात, सुतकीचा, म्हंजे दगडकामाच्या हातोड्याचा, एक ठोका, बसला की बोटाने हलवून बघतात. हलला तर काढतात. फटीत चीप, म्हंजे दगडाची कपची, ठोकून बसवत नाहीत, चीप निघते म्हणतात. लेव्हलला लेसर मशीन आणलेलं माझ्या पोराने, तर मामांनी पाण्याची नळी काढली आणि दोन्ही मापं जुळली तेव्हा मशीनकडे बघून म्हणाले, बरं आहे, शिकलंय. पुढे भिंतीच्या फटींतून आपोआप नेचं उगवलं, मी काही लावलं नव्हतं. काँक्रीटला हे झालं नसतं.

पाण्याची ही समज आपल्याकडे नवी नाही खरं तर. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी बंद नळातून पार शनिवारवाड्यापर्यंत आणलं, पंप कुठला, नुसता ढाळ, मधे हवा जायला उच्छ्वास. त्याच पुण्यात आम्ही वीस फुटाच्या टेरेसला उतार उलटा देतो.

सगळेच कॉन्ट्रॅक्टर असे असतात असं म्हणत नाहीये. शब्द देऊन गायब होणारे, लाल मातीच्या नावाखाली लाल मुरूम टाकणारे, ब्रासमागे चार घमेली खाणारे सगळे बघितलेत. पण ज्यांच्या हातात काम आहे त्यांना मीटिंगच्या टेबलाला बसवत नाहीत हे खरं आहे. आर्किटेक्ट, पीएमसी म्हंजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाले, इंटिरियर, मी, सगळे एसीत, आणि मिस्त्री खाली. निर्णय झाला की त्याला ड्रॉइंगची झेरॉक्स मिळते, तीही अर्धी कट झालेली. त्या सेक्रेटरी साहेबांना माझी एवढीच विनंती आहे की पेव्हर घालायच्या आधी एकदा माती बाजूला करून आउटलेट उघडून बघा, बऱ्याचदा जाळीत पानं आणि सिमेंटचा गोळा सापडतो, आणि ज्याने मूळ ढाळ केला तो मिस्त्री शोधा. पेव्हरखाली पण पाणी जातंच, फक्त दिसत नाही.

आणि एक तुमच्यासाठी. घर-सजावटीच्या पुरवण्यांमधे बागांचे फोटो येतात, खाली डिझायनरचं नाव, कधी टाइल्सच्या कंपनीचं पण. मुळशीच्या त्या तालीचा फोटो एका पुरवणीत अर्धं पान आला होता, माझ्या नावाने. मी मामांचं नाव कळवलं होतं, जागा नव्हती म्हणाले. मागच्या दिवाळीला त्यांच्या घरी फराळाला गेले तर ते कात्रण लॅमिनेट करून दाराशेजारी लावलंय, भिंत दिसते, खाली माझं नाव दिसतं, आणि मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट ठेवून दाखवतात की हा कोपऱ्यातला मोठा दगड बसवायला आख्खा दिवस गेला.

आपली,
एक गार्डन डिझायनर, पुणे