सांध्यातल्या प्लास्टिकची नोंद रुग्णाच्या हाती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण २००६ साली झाले. त्यानंतर अक्का बरीच वर्षे जोतिबाच्या पायऱ्यासुद्धा कुरकुर न करता चढत होती. गेल्या वर्षी मात्र गुडघा बाहेरच्या बाजूला झुकू लागला आणि चालताना आत काहीतरी खेळते आहे असे ती सांगू लागली. कृत्रिम गुडघ्यात वरच्या आणि खालच्या धातूच्या भागांमध्ये प्लास्टिकची चकती असते. हे प्लास्टिक एक्स-रेमध्ये दिसत नाही. वरच्या आणि खालच्या धातूमध्ये जी मोकळी फट दिसते, तीच त्याची जाडी समजायची. अक्काच्या एक्स-रेत आतल्या बाजूची ही फट जवळजवळ नाहीशी झाली होती.

धातूचे भाग हाडात घट्ट असल्याने मधली प्लास्टिकची चकती तेवढी बदलता येईल, असे डॉक्टरांचे मत पडले. पण त्यासाठी जुन्या सांध्याची कंपनी, मॉडेल आणि माप कळणे आवश्यक होते, कारण एका बनावटीची चकती दुसऱ्या बनावटीच्या धातूच्या बैठकीत बसत नाही. आमच्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर 'उजवा गुडघा, संपूर्ण सांधेरोपण' एवढेच लिहिलेले होते. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तिथे इतक्या जुन्या फायली ठेवत नाहीत असे उत्तर मिळाले. परिणामी, पक्का बसलेला धातूही हाडापासून सोडवून काढावा लागला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एवढी मोठी शस्त्रक्रिया आणि तिचा खर्च केवळ एका कागदाअभावी सोसावा लागला.

काढलेली चकती मी मुद्दाम मागून घेतली. शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथवर घालवल्यामुळे झिजलेले नायलॉनचे बुश मी पोत्याने पाहिले आहेत, पण हे प्रकरण निराळे होते. आतल्या बाजूला बशीसारखा खळगा, त्याच्या कडेने सुटलेले पापुद्रे आणि मूळच्या दुधी रंगाऐवजी आलेली पिवळट झाक. नुसत्या घासण्याने पापुद्रे सुटत नाहीत, त्यासाठी प्लास्टिक आतून ठिसूळ व्हावे लागते.

हे प्लास्टिक म्हणजे अतिउच्च रेणुभाराचे, म्हणजे फार लांब साखळीसारख्या रेणूंचे, पॉलिथिलीन. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी आधी खुब्याच्या कृत्रिम सांध्यात टेफ्लॉनची वाटी वापरली होती. ती दोन-तीन वर्षांतच झिजू लागल्याने १९६२ पासून ते पॉलिथिलीनकडे वळले. पुढे निर्जंतुकीकरणासाठी हे भाग हवा असलेल्या वेष्टनात ठेवून त्यांवर गॅमा किरण सोडले जात. किरणांनी रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि त्या तुटलेल्या जागी प्राणवायू वर्षानुवर्षे शिरत राहतो, म्हणजे भाग शरीरात बसवण्याआधी, गोदामातल्या खोक्यातच म्हातारा होऊ लागतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून प्राणवायूविरहित वेष्टने आली, त्यानंतर साखळ्या एकमेकींना जोडलेले अधिक टिकाऊ पॉलिथिलीन आले, आणि मग ई जीवनसत्त्व मिसळलेलेही. अक्काच्या गुडघ्यात यांपैकी काय होते आणि ते किती काळ खोक्यात पडून होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

झिजून सुटणारी पूड तर डोळ्यांना दिसतही नाही. शरीरातल्या पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून होणाऱ्या दाहामुळे सांध्याभोवतीचे हाड विरघळू लागते, आणि तेही पुष्कळदा वेदनेविना. म्हणून दुखत नसले तरी ठरावीक काळाने एक्स-रे काढणे आवश्यक असते. आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारले नव्हते.

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरवल्या, तेव्हा बिलावर प्रत्येक भागाचे नाव, उत्पादक व बॅच क्रमांक स्वतंत्रपणे लिहिण्याचेही बंधन घातले. तरीही 'पॅकेज'च्या एका आकड्याचे बिल मुकाट्याने घेणारे नातेवाईक आजही भेटतात. दुसरीकडे, आंतररुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी तीन वर्षे जपाव्यात, असे वैद्यकीय परिषदेचे २००२ चे विनियम सांगतात. पंधरा-वीस वर्षे शरीरात राहणाऱ्या भागाला तीन वर्षांची नोंद कशी पुरणार? सांधेरोपणाच्या नोंदींसाठी ही मुदत वाढवावी, आणि तोवर जिल्ह्यातील रुग्णालयांनी सांध्याच्या खोक्यातले, कंपनी, मॉडेल व माप छापलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवूनच रुग्णाला घरी पाठवावे. ही स्टिकरे खोक्यातच एकाहून अधिक असतात, त्यामुळे त्याला वेगळा खर्च येत नाही. अक्काच्या नव्या गुडघ्याची स्टिकरे या वेळी आम्ही मागून घेतली असून, त्यांची झेरॉक्स तिच्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.

आपला,
एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर